खंडेनवमीचा शिक्का

साकीनाक्याच्या कारखान्यांतून गुणाजी धुरीला सगळे पाठीमागे कसाई म्हणत, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. हवाई दलाच्या लढाऊ विमानांचे काही सुटे भाग बाहेरच्या छोट्या कारखान्यांत बनत. ते तपासून घ्यायला सरकारने नेमलेला इंजिनियर तो. पास झालेल्या मालावर तो आपला शिक्का ठोकायचा. शिक्का म्हणजे बोटाएवढा पोलादी पंच, टोकाला त्याचा नंबर कोरलेला. हातोडीचा एक ठोका दिला की नंबर धातूवर कायमचा उमटायचा. नापास माल मात्र परत द्यायचा नाही, डोळ्यांसमोर मोडायचा, असा नियम होता. बाकीचे साहेब हे काम हमालांकडून करवून घेत आणि तोवर चहा पीत. गुणाजी बाह्या वर सारून स्वतः घण उचलायचा. ऐरणीवर जाड पोलादी पिन ठेवून तिच्या गुळगुळीत अंगावर एक सणसणीत घाव घातला, की अशी खाच पडायची की ती पिन जन्मात कुठल्या विमानात बसायची नाही. मालकांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी होत.

आता कुणी म्हणेल, एवढा राग कशाला लोखंडावर? तर ऐका. नोकरीच्या सुरुवातीला एका धावपट्टीवर त्याने एक विमान उतरताना पाहिलं होतं. चाकं टेकली, डाव्या चाकाला पेलणारा दांडा, त्याला पाय म्हणतात, तो मोडला, विमान पंखावर घसरत गेलं आणि पेटलं. आतल्या पायलटला बाहेर काढणाऱ्यांत गुणाजी होता. दंडाला धरून ओढलं तर बाहीबरोबर कातडी त्याच्या हातात आली. तो पोरगा संध्याकाळपर्यंत जिवंत होता आणि शुद्धीवर होता, हे सगळ्यात वाईट. तो पाय मोडला एका पिनेमुळे. पिनेला केसाएवढी चीर होती आणि कुणीतरी घाईत तिच्यावर शिक्का मारला होता. त्या दिवसापासून चीर गेलेल्या पिनेला गुणाजीकडे दयामाया नव्हती.

असा हा माणूस मुलुंडच्या आपल्या दोन खोल्यांत शिरला की लोण्याहून मऊ व्हायचा. लेकीच्या, नलिनीच्या, वेण्या आईने नव्हे, बाबांनीच घालायच्या. त्या दोन वेण्या अशा बरोब्बर सारख्या यायच्या की शाळेतल्या बाई विचारत, तुझी आई मोजून घालते का गं? आई रुक्मिणीबाईंचे गुडघे रात्री तेल लावून तो चोळून द्यायचा. बायको वनमाला त्याला हसायची. "अहो, त्या पिनांना जरा घरी घेऊन या, त्यांनाही कळू दे तुम्ही कसे आहात ते," म्हणायची. आणि या घरात सगळ्यांत लाडका होता बाळा.

बाळा त्याचा भाऊ, बारा वर्षांनी धाकटा. वडील गिरणीत होते, ते लवकर गेले, आणि या शेंबड्या पोराला गुणाजीनेच खांद्यावर घेऊन वाढवलं. शिक्षणात त्याचं डोकं चाललं नाही, म्हणून वडिलांच्या जागी गिरणीत लागला. मग ब्याऐंशीचा संप झाला. बाळा मोर्चात गेला, पोलिसांच्या लाठीने पुढचे दोन दात घालवून आला आणि घरी बसला. संप संपला असं कुणी सांगितलं नाही, आणि कामावर या असंही कुणी सांगितलं नाही. वर्ष गेलं तसा तो जेवताना मान वर करीनासा झाला. ते बघवेना म्हणून गुणाजीने, या एवढ्या कडक माणसाने, नंदकुमार शेठपुढे तोंड उघडलं. या शेठचा साकीनाक्याला कारखाना होता आणि त्याच्या पिना तपासायला गुणाजीच जायचा. ज्याचा माल तपासायचा त्याच्याकडे शब्द टाकायचा नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण भाऊ होता ना. शेठने दुसऱ्याच दिवशी बाळाला कामावर घेतलं आणि वर पेढे पाठवले.

पेढ्यांचा हिशेब भाद्रपदात पुढे आला. शेठच्या कारखान्यातून चाकांच्या पायाच्या पिनांचा नवा माल तयार झाला होता. या पिनांची परीक्षा सोपी असते. पिनेला चुंबक लावायचा आणि वरून लोखंडाची बारीक भुकटी घातलेलं तेल ओतायचं. चीर असली तर भुकटी तिच्यावर गोळा होऊन काळी रेघ दिसते. पहिल्याच पिनेवर काळी रेघ आली. मग दुसरीवर, मग तिसरीवर. पोलादच वाईट निघालं होतं. गुणाजीने सगळा माल लाल रंगाने रंगवून जाळीच्या खोलीत कुलपात घातला आणि अख्खा माल मोडायचा तर वरची परवानगी लागते म्हणून ऑफिसला लिहिलं.

परवानगी यायच्या आत मारहाण सुरू झाली. आधी भीमराजला गाठलं. हा गुणाजीच्या हाताखालचा तरुण इंजिनियर, मूळचा परभणीकडचा, घाटकोपरला राहणारा. भर दुपारी, साकीनाक्याच्या चौकात, शंभर माणसांसमोर दोघांनी त्याला सायकलच्या चेनने फोडून काढलं. तो खाली पडला तरी थांबले नाहीत. जबडा दोन ठिकाणी मोडला. गुणाजी हॉस्पिटलात पोचला तेव्हा भीमराजने रुमाल उघडून त्याला आपले दात दाखवले. बोलता येत नव्हतं, नुसता डोळ्यांतून पाणी गाळत होता.

मग वनमाला. मुलुंडच्या बाजारात ती भाजी घेत होती, तेव्हा एका माणसाने मागून येऊन तिचं मनगट पिरगाळलं. बांगड्या फुटल्या, काचा मांसात घुसल्या, तरी त्याने सोडलं नाही. काचा आत जातील असा आणखी दाबला हात. "साहेबांना सांगा," तो शांतपणे म्हणाला, "मुलगी मराठी शाळेत आहे ना? दुपारी सुटते. एकटीच येते." रक्ताने भिजलेली पिशवी घेऊन वनमाला घरी आली, भाजी निवडायला बसली आणि मग किंचाळायला लागली. गुणाजीने चिमट्याने एकेक काच काढली. पोलिसांत गेला तर तिथल्या साहेबाने त्यालाच विचारलं, "कुणाचं नाव आहे का तुमच्याकडे? नुसतं कुणीतरी म्हणून कसं चालेल?"

बाळा हे सगळं बघत होता. वहिनीच्या हाताची पट्टी तोच बदलायचा. "दादा, सोड ना रे," एकदा म्हणाला. "पास करून टाक. कोण बघायला जातो?" गुणाजीने त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि स्वतःच बांधायला लागला. त्या दिवसापासून नलूला शाळेत नेणं आणि आणणं बाळाच करायला लागला.

परवानगी आली ती नेमकी खंडेनवमीला. गुणाजी तसाच साकीनाक्याला गेला. बघतो तर कारखाना धुऊन पुसून स्वच्छ, लेथ मशीनना झेंडूच्या माळा, ऐरणीवर हळदकुंकू, घणाला गंध आणि पुढे नारळ. कामगार हात जोडून उभे राहिले. "साहेब, आज नको. आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्या दसरा झाला की परवा आम्हीच काढून देतो." त्यांच्यात शेठचा माणूस नव्हता, सगळी भाबडी माणसं होती. आणि गुणाजीलाही ते पटलं. त्याचे वडील या दिवशी आपल्या मागाचा धोटा देवापुढे ठेवायचे आणि कुणी नुसता सरकवला तरी खवळायचे. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. त्याने कुलूप ओढून पाहिलं आणि परत फिरला.

घरी त्याने दरवर्षी करायचा तेच केलं. शिक्का एरवी त्याच्या गळ्यात असायचा. आंघोळीला काढायचा नाही, झोपताना काढायचा नाही, असा नियम होता. पण वर्षातून एक दिवस तो देवापुढे बसायचा, वडिलांच्या धोट्याशेजारी, नलूच्या कंपासपेटीशेजारी. घरातलंच तर होतं सगळं. रुक्मिणीबाईंनी शिक्क्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग एकेकजण नमस्काराला वाकला. बाळा सर्वांत शेवटी वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

दसऱ्याच्या सकाळी गुणाजी आंघोळ करून उत्तरपूजेला बसला. शिक्का जागेवर होता. पण त्याच्यावरचं कुंकू गेलेलं होतं आणि अक्षता बाजूला गोळा करून पुन्हा वर टाकलेल्या दिसत होत्या. त्याने तो उचलून टोक उजेडात धरलं. नंबरच्या खाचांत लोखंडाची ताजी चकाकी होती.

"बाळा कुठे आहे?"

"तो फाटफटी काळोखातच उठान गेलो," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "शेठान बोलवल्यान म्हणालो. सणाचा दिवस रे, माका बरा वाटूक नाय. काय झाला झिला?"

गुणाजी शिक्का गळ्यात अडकवून उठला. लाल रंग थिनरने जातो. कुलूप तोडता येतं. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे त्याच्या नंबरचा माल पुढे कुणी तपासत नसे. धुरीचा शिक्का आहे म्हटल्यावर लोक डोळे झाकून पिना विमानात बसवत. चौदा वर्षं घण घालून कमावलेलं नाव आता माणसं जाळायला निघालं होतं. पायात चपला सरकवून तो बाहेर पडला आणि रिक्षा पकडली. पवईच्या तलावावरून जाताना रिक्षावाल्याने हौसेने दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या, त्या त्याला ऐकूच आल्या नाहीत.

कारखान्यापुढे टेंपो उभा होता, इंजिन चालू. शटर अर्धं खाली. गुणाजी वाकून आत शिरला. थिनरचा वास नाकात गेला. जमिनीवर लाल झालेल्या चिंध्यांचा ढीग होता आणि मेणकागदात गुंडाळलेल्या पिनांची दोन लाकडी खोकी बांधून तयार होती. तिथे नंदकुमार शेठ होता, चेनवाले दोघे होते आणि खोक्याला खिळे ठोकत बाळा बसला होता.

"या धुरीसाहेब, सोनं घ्या," शेठ आपट्याची पानं पुढे करत म्हणाला.

गुणाजीने उघड्या खोक्यातली एक पिन उचलली. तिच्यावर त्याचा नंबर होता, जरासा तिरका.

"बाळा, शिक्का तू नेलास?"

"नेला. आणि परत ठेवला पण." बाळा उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. "दादा, तुला भीमराजचं तोंड दिसलं ना? वहिनीचा हात दिसला ना? आता नलूची पाळी आहे. तू तर वाकणार नाय. मग घरातल्या कुणी तरी वाकायला पायजे ना?"

"या पिनेवर माणूस बसतो, बाळा."

"एक माणूस बसतो. आपल्या घरात पाच जण आहेत. तू कर हिशेब, तू इंजिनियर ना?"

गुणाजी ऐरणीकडे गेला, झेंडूची माळ उतरवली आणि घण उचलला.

चेन पहिल्यांदा त्याच्या कानावर बसली. कान फाटला आणि गरम रक्त मानेवरून उतरलं. दुसरा फटका पाठीवर आला, तिसरा तोंडावर. तो लेथवर आदळला तसं त्याचं डोकं केसांना धरून पुन्हा लोखंडावर आपटलं, एकदा, दोनदा. तोंड रक्ताने भरलं. "मारू नका रे त्याला, मारायचं ठरलं नव्हतं!" असं बाळा ओरडत होता आणि शेठ त्याला धरून ठेवत होता. गुणाजी खाली पडला. बरगडीत लाथ बसली आणि आत काहीतरी कडकन मोडलं. पण घण त्याच्या हातातून सुटला नव्हता. लाथ मारणाऱ्याचा पाय पुन्हा मागे गेला, तेव्हा त्याने पडल्यापडल्याच घण फिरवला. घोट्याचा चुरा झाला. तो माणूस गुरासारखा ओरडत पडला आणि त्याच्या नडगीतून पांढरं हाड बाहेर आलेलं सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याने सुरा काढून गुणाजीच्या खांद्यावर चालवला. मांस उघडं पडलं, तरी गुणाजी उठला. कसाई म्हणायचे ना त्याला? आता खरोखरच तसा दिसत होता. शर्ट लाल, एक डोळा बंद, तोंडातून लाळ आणि रक्त. त्याने घण डोक्यावर उचलला आणि असा आवाज काढला की सुरावाला सुरा टाकून शटरखालून पळाला. घोटा मोडलेला सरपटत बाहेर गेला आणि त्याच्या मागोमाग शेठ पळाला. हातातली आपट्याची पानं त्याने अजून टाकली नव्हती.

उरला बाळा.

"दादा, बस झालं," तो रडत होता. "आता मला जाऊ दे. मी खोकी टेंपोत टाकतो, संपलं. माल गेला की नलूला कुणी हात लावणार नाय. शेठने आईची शपथ घेतली."

"खाली ठेव ते."

"नाय ठेवणार. तुला मारायचंय तर मार. तू मला कधी चापट पण मारली नायस."

हे खरं होतं. बाळाने पहिलं खोकं खांद्यावर घेतलं आणि पाठ फिरवून शटरकडे निघाला. बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. चार पावलं राहिली होती. त्या खांद्याला धरून थांबवायला गुणाजीच्या अंगात ताकद नव्हती, डावा हात लोंबत होता. त्याने हाक मारली, "बाळा!" बाळा थांबला नाही. मग गुणाजीने एका हाताने घण फिरवला, भावाच्या गुडघ्यावर, मागून.

तो आवाज त्याला ओळखीचा होता. कच्ची पिन मोडताना असाच येतो. बाळा खोक्यासकट कोसळला आणि पाय नको तिकडे वळला. आधी त्याला ओरडताही आलं नाही. मग जे ओरडणं सुरू झालं ते ऐकून टेंपोवाला रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

आता लिहिताना हात अडखळतो, पण झालं तसं सांगायला हवं. गुणाजी भावाकडे गेला नाही. तो पिनांकडे गेला. शेठ अजून माणसं घेऊन येईल आणि आपण शुद्ध हरपून पडू, मग हा माल जाईलच, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. एकेक पिन ऐरणीवर ठेवायची आणि उजव्या हाताने घाव घालायचा. पहिलं खोकं संपवलं, मग दुसरं फोडलं. "दादा, पाय रे! दादा, मला बघ ना!" मागून बाळा हाका मारत होता. दर घावाला गुणाजीच्या बरगडीतून कळ जायची, खांद्याचं रक्त ऐरणीवर सांडायचं आणि पिना निसटायच्या. तो त्या पुन्हा उचलायचा. शेवटच्या काही पिनांच्या वेळी मागच्या हाका बंद झाल्या होत्या. त्याने वळून पाहिलं. बाळा शुद्धीवर होता. नुसता त्याच्याकडे बघत होता.

मग त्याने भावाला उचललं. लहानपणी घ्यायचा तसा घ्यायला गेला, पण जमलं नाही, आणि त्याला फरफटत रस्त्यापर्यंत आणावं लागलं. रिक्षात बाळाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. "आधी पिना," बाळा म्हणाला. "मग मी."

सरकारी हॉस्पिटलात गुणाजीचा खांदा शिवला, बरगड्या बांधल्या. बाळाला आत नेलं होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पाय वाचेल, पण गुडघा वाकणार नाही, आणि उभ्याने करायचं काम आता विसरा. तेवढ्यात निरोप मिळून वनमाला आणि रुक्मिणीबाई पोचल्या. वनमालाने नवऱ्याकडे पाहिलं, तोंडावर हात घेतला आणि नलूला शेजारणीकडे ठेवलंय ते बघून येते म्हणून उलट्या पावली निघाली. रुक्मिणीबाई बाळाच्या खाटेशी गेल्या. त्याने त्यांच्या कानात काय सांगितलं कुणास ठाऊक. त्या परत आल्या, गुणाजीसमोर उभ्या राहिल्या.

"तुझो हात उठलो कसो रे?"

गुणाजीला आईच्या पाया पडायचं होतं. वाकता येईना.

दुपारी हवालदार आला. सण होता, घरी पुरणपोळी वाट बघत असणार, कागद लवकर उरकायचा होता. "पाय कसा मोडला?" त्याने विचारलं.

गुणाजी खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आता खरं सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. घण कुणी मारला ते आणि का मारला ते. पण ते सांगितलं की शिक्का कुणी चोरला तेही सांगावं लागणार होतं. लष्कराच्या मालावर चोरीचा शिक्का म्हणजे बाळाची हाडं तुरुंगातच झिजणार, आणि दोघं सख्खे भाऊ म्हटल्यावर शिक्का कुठून आला हे कुणाला सांगायलाही नको. त्याने तोंड उघडलं.

"मशीनवरून पडलो," बाळा आधी म्हणाला. "माळा घालायला चढलो होतो, घसरलो. वरचं लोखंड अंगावर आलं."

"आणि हे? यांना एवढं लागलं ते?"

बाळाने गुणाजीकडे पाहिलं. "हे साहेब आहेत तपासणीचे. मला काढायला आले, त्यांच्यावर पण पडलं. त्यांनीच इथे आणला मला. बाकी आमची ओळख नाय."

हवालदार रुक्मिणीबाईंकडे वळला. "आजी, तुम्ही मुलाबरोबरच्या ना? हे साहेब तुमच्या ओळखीचे?"

रुक्मिणीबाईंनी पदर सावरला. त्या दोघांपैकी कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "नाय. सायब आसत ते. आमची वळख खंय असतली?"

हवालदाराने कागदावर काहीतरी खरडलं आणि उठता उठता पेन गुणाजीकडे रोखलं. "म्हणजे साहेब, हा तुमचा कुणी नाही?"

बाळाचा पाय प्लास्टरात आढ्याला टांगलेला होता. आईच्या पाठीवरचा पदर हलत होता. तिने वळून बघावं म्हणून गुणाजी थोडा थांबला. तिने बघितलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "कुणी नाही."